आमच्या तलावाचे सुशोभीकरण थांबवा: जिल्ह्याच्या पर्यटनाचा आराखडा करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्ह्याच्या पर्यटनाचा आराखडा करणारे सर्व अधिकारी आणि त्याला मंजुरी देणारे लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात धान पिकवणारा शेतकरी आहे. माझी साडेतीन एकर जमीन गावच्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाखाली, आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, याच तलावाचे पाणी लागते. गेली अकरा वर्षे हिवाळ्यात पक्षी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना मी याच तलावावर डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, फिरवतो. धानाला भाव नसलेल्या दोन वर्षांत घरखर्चाला त्याच पैशांनी हात दिला. बाहेरचे लोक आमच्याकडे यावेत, राहावेत, चार पैसे गावात पडावेत, ही इच्छा माझी तुमच्याइतकीच आहे, किंबहुना काकणभर जास्तच असेल. म्हणून हे पत्र पर्यटनाच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. गावाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण आमच्या तलावावर जे झाले तेच आता आजूबाजूच्या तलावांवर करायचे ठरते आहे असे ऐकतो, आणि ही तक्रार एका गावाची म्हणून बाजूला सारली जाऊ नये.

गेल्या उन्हाळ्यात पर्यटनस्थळ विकासाच्या नावाने आमच्या तलावाच्या पश्चिम काठावर काम झाले. काठाचा उतार खणून तिथे कंबरभर उंचीची सिमेंटची भिंत उभी केली, भिंतीला लागून पेव्हर ब्लॉकचा रस्ता केला, बाके ठेवली, दोन हायमास्ट दिवे लावले, आणि प्रवेशाजवळ फोटो काढण्यासाठी सारस पक्ष्यांची सिमेंटची जोडी बसवली. येत्या मे महिन्यात पाणी उतरले की दुसरा टप्पा सुरू होणार आहे आणि त्यात उत्तरेचा काठही याच पद्धतीने बांधायचा आहे, असे मोजमाप करायला आलेल्या माणसांनी सांगितले. ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याबद्दल एक ओळही लागलेली नाही.

हे तलाव काय आहेत, ते आधी सांगितले पाहिजे, कारण आराखड्याच्या कागदावर आमचा तलाव केवळ 'जलाशय' एवढ्या एका शब्दात आटोपला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन देण्याची रीत होती, आणि त्या रीतीने कोहळी समाजाच्या पिढ्यांनी या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, जागोजाग पाणी अडवले. आमच्या शेजारचा नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरेने सांगितले जाते. भोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात. पाळ टिकत नव्हती तेव्हा त्या सात बहिणींनी ती तोलून धरली अशी कथा आहे, आणि कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाले. ज्या माणसाने तलाव बांधला त्याला लोकांनी देवपण दिले, यावरून या पाण्याची आमच्याकडे काय किंमत आहे ते कळावे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले, तरी गावाचा निस्तार, म्हणजे शेतीचे पाणी, गुरांचे पिणे, धुणे, आंघोळ, मासेमारी, हे सारे त्याच पाण्यावर चालत राहिले. आजही तसेच चालते.

आता माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार. मामा तलावाला पाळ एकाच बाजूला असते, उताराच्या. उरलेल्या बाजूंना जमीन हळूहळू चढत जाते आणि तिकडूनच जंगलाचे, माळाचे, वरच्या बोडीच्या (लहान तळ्याच्या) सांडव्याचे पाणी तलावात येते. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी पिचिंग करायला माझी कधीच हरकत नव्हती. लाटांनी माती धुपते, तिथे दगड हवाच. परंतु तुम्ही भिंत बांधली ती पाळीवर नव्हे. ती बांधली आहे पाणी आत येते त्या बाजूला. तीन लहान नाले पूर्वी पसरट होऊन तलावात उतरत असत, त्यांच्या तोंडाशी आता एकेक सिमेंटचा पाईप आहे. पहिल्या जोराच्या पावसातच दोन पाईप पालापाचोळ्याने आणि काटक्यांनी बुजले, पाणी भिंतीमागे तुंबून वरच्या शेतात पसरले आणि तिथली रोवणी (धानाची लावणी) बुडाली, तर पाळीखालच्या आमच्या बांध्यांना पाणी मिळायला नेहमीपेक्षा उशीर झाला. वर पूर आणि खाली कोरड, असा प्रकार आमच्या गावाने याआधी पाहिलेला नव्हता. पाईप साफ करायला रात्री कंदील घेऊन गेलेल्यांत मीही होतो. काम कोणाच्या देखरेखीत झाले आणि पाईपचा व्यास कोणी ठरवला, हे विचारायला आम्ही दोन कार्यालयांत गेलो. दोन्हीकडे दुसऱ्याचे नाव सांगण्यात आले.

दुसरी गोष्ट त्याच काठाची आहे. हा उथळ काठ वरून पाहणाऱ्याला चिखल आणि गवत वाटतो, आणि कागदावर त्याची नोंद 'अस्वच्छ किनारा' अशी झाली आहे. त्या गवतात देवधान आहे, जो आपोआप उगवणारा रानचा भात आहे आणि ज्याचे दाणे उपासाला खातात. त्यात चिला ही पाणवनस्पती आहे, कमळ आहे, सिंगाडा आहे. पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर मरळ आणि शिंगूर हे मासे याच उथळात चढून येतात आणि गवताच्या आडोशाने अंडी घालतात. सुईशेपटी बदक खोल पाण्यात बुडी मारून खाणारे नाही. ते हातभर पाण्यात डोके खाली, शेपटी वर करून तळातले कंद आणि बिया वेचते. थापट्या बदक तसाच चोचीने चिखल गाळत फिरतो. कमळपक्षी तरंगत्या पानांवर चार अंडी घालतो, आणि त्या पानांना रुजायला उतार लागतो. एका बाजूने सरळ भिंत आणि तिच्या बुडाशी एकदम पुरुषभर पाणी अशी रचना केली की या साऱ्यांचे जेवणाचे ताट आणि बाळंतिणीची खोली एकाच वेळी काढून घेतल्यासारखे होते. मागच्या हिवाळ्यात सुईशेपटीचे थवे आले, दोन दिवस मधोमध पाण्यावर बसून राहिले आणि उठून गेले. एका हिवाळ्यावरून कायमचा निष्कर्ष काढू नये, हे मला कळते. पण माझ्या वहीत अकरा हिवाळ्यांच्या नोंदी आहेत आणि त्यांत असे एकदाही झालेले नाही.

आमच्या गावच्या ढिवर या मासेमार समाजातल्या एक मावशी जन्मभर या तलावावर जाळे टाकत आल्या आहेत. भिंतीचे काम चालू असताना त्या रोज तिथे येऊन बसत. मी विचारले, मावशी, तुम्हाला काय वाटते? त्या म्हणाल्या, "पान्याले काठ लागते बापू, भित नाई." पुढे त्यांनी हाताने जमिनीवर एक लांब, निजलेली रेघ ओढून दाखवली आणि तिच्यावर बोट फिरवत, कोणत्या महिन्यात पाणी कुठे असते, कोणता मासा कुठे असतो, ते सांगत गेल्या. आषाढात इथे, कार्तिकात इथे, माघात इथे. मोजणीचे यंत्र घेऊन आलेल्या तरुण अभियंत्याला मी त्या रेघेजवळ बोलावले होते. तो सज्जन होता, उकिडवा बसून ऐकत राहिला आणि म्हणाला की नकाशा आधीच मंजूर होऊन आलेला आहे, त्याला बदल करता येत नाही. या मावशींना कोणी आराखडा करताना विचारले असते तर पंधरा मिनिटांत काम झाले असते, आणि त्यांनी काही मानधनही मागितले नसते.

रात्रीच्या दिव्यांबद्दल थोडक्यात लिहितो. हायमास्ट लागले त्या दिवसापासून पश्चिमेच्या झाडांवर बगळे आणि पाणकावळे वस्तीला बसत नाहीत. गावातल्या मुख्य रस्त्यावर मात्र तीन खांबांवर दिवे नाहीत आणि संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुली अंधारातून येतात.

गुरांचेही तसेच. भिंतीत पाण्यापर्यंत जायला एक पायऱ्यांचा घाट ठेवला आहे. पायऱ्यांवरून म्हैस उतरत नाही. कान्होबाच्या विसर्जनाला बाया जिथे उतरत होत्या ती जागा आता बाकांखाली गेली.

आता पाहुण्यांविषयी, कारण हे सारे त्यांच्या नावावर झाले आहे. मागच्या मार्गशीर्षात पुण्याहून तिघे जण आले होते, दुर्बिणी घेऊन, पहाटेच निघून. ते पेव्हर ब्लॉकच्या रस्त्याने शेवटपर्यंत चालत गेले, परत आले, आणि सिमेंटच्या सारसांपाशी उभे राहून त्यांनी मला विचारले की खरे सारस कुठे दिसतील. मी त्यांना मोटारसायकलमागून कच्च्या रस्त्याने नेले. कापणी झालेल्या एका बांधीत जोडी आणि त्यांचे त्या वर्षीचे पिल्लू चरत होते. नर माणसाच्या खांद्याला लागेल एवढा, मान लाल, पाय गुलाबी, आणि पिल्लाचे डोके अजून तांबूस. सुमारे अर्धा तास ते तिघे बांधावर बसून होते. कोणी बोलले नाही. निघताना त्यांच्यातल्या ताईंनी शेतमालकाच्या घरी चहा घेतला आणि त्याच्या आईला विचारून घेतले की घरटे कुठे होते, अंडी किती होती, धान कसे राखले.

महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात आणि लगतच्या भागात उरले आहेत, आणि गेल्या काही वर्षांच्या गणनांत त्यांची संख्या पन्नासपर्यंतही पोचलेली नाही. ते उरले याचे कारण तलाव आणि धान ही जोडी आहे. सारस ऐन पावसाळ्यात उभ्या धानात गवताचा ढीग रचून घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. त्या महिन्यात शेतकऱ्याने घरट्याभोवतीचे धान सोडून दिले, फवारणी टाळली, कुत्री हाकलली, तरच पिल्लू बाहेर पडते. हे काम आमच्या भागातले साधे शेतकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्या शेतकऱ्यांना, आणि तुडूम उघडून त्यांच्या बांधीपर्यंत पाणी नेणाऱ्या व्यवस्थेला, तुमच्या आराखड्यात एक रुपयाही नाही.

तुडूम हा शब्द आराखड्यात शोधूनही सापडला नाही, म्हणून तोही सांगतो. पाळीतून पाणी बाहेर सोडण्याची जी जुनी दगडी रचना असते तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. आमच्या तलावाच्या तुडुमाला एकाखाली एक तोंडे आहेत आणि प्रत्येकाला लाकडी बूच आहे. माझ्या लहानपणी अश्विनात धान पोटरीवर आले की वडील आणि इतर पाळीखालचे शेतकरी जमून किती बुचे काढायची ते ठरवत, मग ढिवरांपैकी एक काका बुडी मारून बूच ओढत असत. पाणी सुटण्याआधी आतून एक घुमल्यासारखा आवाज येतो. तो ऐकायला आम्ही पोरे पाळीवर कान लावून पालथी पडत असू. अशी शेकडो वर्षांची पाण्याची कारागिरी अजून चालू स्थितीत आहे, ही गोष्ट पाहायला लोक दूरवरून येतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी दाखवली तेव्हा प्रत्येकाने दोनदा दाखवायला लावली आहे. आमच्या तुडुमाच्या दगडांतून आता पाणी झिरपते. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज निधी नाही म्हणून परत आला आणि त्याच वर्षी बाकांना निधी मिळाला.

आमच्या तालुक्यात आणि त्याच्या आसपास पाहुण्याला दाखवण्यासारखे एवढे आहे की नवीन काही उभारण्याची गरजच नाही. नवेगावचा तलाव आणि १९७५ साली घोषित झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आहे. प्रतापगडावर महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि त्याच गडाच्या परिसरातल्या दर्ग्यावर उरूसही होतो. दोन्हीकडे दोन्ही धर्मांचे लोक जातात. गोठणगावला १९७२ पासून तिबेटी बांधवांची वसाहत आहे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला गोंडी समाजाची मोठी यात्रा भरते. आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावचे मेळे, सुरू झाली की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडसा गावात नाटक कंपन्यांची कार्यालये थाटतात आणि पुढे होळीपर्यंत गावोगाव शामियान्यात रात्री दहाला पडदा वर जातो तो पहाटे खाली येतो. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तरीही नागपूरहून सफारीला येणाऱ्या माणसाला आज रात्री दहा किलोमीटरवर नाटक आहे हे सांगणारा एक फलक कुठे नाही. सकाळची सफारी झाली की तो दुपारी परत जातो.

आम्हाला एका बैठकीत असे सांगण्यात आले की हा तलाव मानवनिर्मित आहे, त्यामुळे २०१७ चे पाणथळ जागांचे नियम त्याला लागू होत नाहीत आणि काठावरच्या बांधकामाला हरकत घेता येत नाही. सिंचनासाठी बांधलेले जलसाठे त्या नियमांतून वगळलेले आहेत, हे मी वाचले आहे. परंतु तीनशे वर्षे पाणी धरून बसलेल्या जागेत जे रुजते, पोहते आणि उतरते, त्याला ती कोणी बांधली होती याने काही फरक पडत नाही. नियम आडवा येत नाही एवढ्यावरून काम योग्य ठरत नाही, आणि निस्ताराचा हक्क तर कोणत्याच नियमाने काढून घेतलेला नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट लिहितो.

दुसरा टप्पा मे महिन्यात सुरू करू नये. उत्तरेचा काठ आहे तसा उताराचा राहू द्यावा.

पश्चिमेची भिंत निदान तिन्ही नाल्यांच्या तोंडाशी पावसाळ्याआधी फोडून येवा, म्हणजे आत येणारे पाणी, पूर्वीसारखा मोकळा करावा, आणि गुरांसाठी एक मातीचा उतार करून द्यावा. ज्यांची रोवणी बुडाली त्यांच्या नुकसानीचा पंचनामा त्या वेळी झाला नाही. तो आता उपलब्ध नोंदींवरून करावा.

हायमास्ट दिवे काढून गावच्या रस्त्यावर लावावेत.

जो निधी उरला आहे त्यातून आधी तुडूम दुरुस्त करावे. नंतर बेशरमच्या झुडपांनी व्यापलेला दक्षिणेचा भाग मोकळा करून तिथे देशी पाणवनस्पती लावाव्यात. हे कसे करायचे ते बाहेरून कोणाला शिकवायला आणण्याची आवश्यकता नाही. आमच्याच तालुक्यातल्या काही गावांत ढिवर समाजाच्या बायांनी उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरून, बेशरम उपटून, देवधान आणि चिला लावून दाखवला आहे. त्यांना मजुरीवर नव्हे, सल्लागार म्हणून बोलवावे.

पाहुण्यांसाठी हव्यात त्या गोष्टी साध्या आहेत: स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी, मराठीतले नीट फलक, रेल्वेस्थानकापासून वेळेवर सुटणारी बस, गावातल्या पोरापोरींना पक्ष्यांचे आणि तलावाचे मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण, आणि घरी मुक्काम ठेवू इच्छिणाऱ्या कुटुंबांना परवान्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाच चकरा माराव्या लागू नयेत एवढी व्यवस्था. सारसाचे घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला त्याने सोडलेल्या धानाची भरपाई पर्यटनाच्या निधीतून मिळावी. हंगामातल्या नाटकांचे आणि मंडईचे वेळापत्रक प्रत्येक प्रवेशद्वारावर लागावे.

यापुढे कोणत्याही मामा तलावावर काम काढण्यापूर्वी त्याचा नकाशा ग्रामसभेत मराठीत मांडावा आणि पाळीखालचे शेतकरी व मच्छीमार सहकारी संस्था या दोघांच्या संमतीशिवाय तो मंजूर करू नये.

आमची ग्रामसभा १ मे रोजी सकाळी ८ वाजता शाळेच्या व्हरांड्यात आहे. दुसऱ्या टप्प्याचा नकाशा घेऊन आपल्यापैकी कोणीतरी यावे, अशी विनंती मी ग्रामपंचायतीमार्फत लेखीही पाठवली आहे. सभेनंतर तलाव दाखवायला मी स्वतः डोंगा काढीन. मे महिन्यात पाणी कमी असते, पण तुडुमाची वरची तोंडे उघडी पडलेली असतात आणि मावशींनी दाखवलेली काठाची रेघ उत्तरेच्या बाजूला अजून जशीच्या तशी दिसते.

आपला,
पाळीखालचा एक शेतकरी,
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया